ठिणगी कुठे अडली?

रोहित्राचा धडा शिकवताना आपण एक वाक्य आवर्जून फळ्यावर लिहितो: रोहित्र प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते, दिष्ट प्रवाहावर चालत नाही. परीक्षेतही हा प्रश्न विचारला जातो. अशा वेळी वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारू शकेल, "सर, मग मोटारीचे काय? मोटारीत बारा व्होल्टची बॅटरी असते, म्हणजे दिष्ट प्रवाह. पण स्पार्क प्लगला तर हजारो व्होल्ट लागतात म्हणे. ते कुठून येतात?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला नव्या मोटारीपेक्षा जुनी मोटार अधिक सोयीची. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडले की ठिणगीचा सगळा मार्ग डोळ्यांना दिसतो. बॅटरीपासून किल्लीच्या खटक्यापर्यंत, तिथून काळ्या डब्यासारख्या कॉईलपर्यंत, कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत आणि तिथून चार जाड तारांनी चार प्लगांपर्यंत बोट फिरवता येते. या मार्गावरचा प्रत्येक भाग कोणीतरी, केव्हातरी, एका विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून शोधलेला आहे. म्हणूनच एखादा भाग निकामी झाला की गाडी जणू तो भाग शोधला जाण्यापूर्वीच्या काळात जाऊन उभी राहते. बिघाड शोधणारा मिस्त्री, त्याला ठाऊक असो वा नसो, सुमारे ऐंशी वर्षांच्या संशोधनाच्या वाटेनेच चालत असतो. आपणही आज त्याच वाटेने जाऊ.

प्रवाह तोडण्याचे सामर्थ्य

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यात बॅटरीचा प्रवाह सोडला आणि दुसऱ्याजवळ चुंबकसूची ठेवली. प्रवाह चालू करताक्षणी सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह वाहत असताना ती स्वस्थ राहिली. प्रवाह तोडताच पुन्हा हलली, पण उलट दिशेला. स्थिर प्रवाहाने दुसऱ्या वेटोळ्यात काहीच घडत नाही, घडते ते बदलामुळे, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. म्हणजे रोहित्राला प्रत्यावर्ती प्रवाहच हवा असे नाही. त्याला बदलते चुंबकीय क्षेत्र हवे. दिष्ट प्रवाह पुन्हा पुन्हा जोडला आणि तोडला तरी काम भागते.

याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांना आढळले, की लांब तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह तोडताना तुटल्या जागी मोठी ठिणगी पडते. त्यांनी हे निरीक्षण १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र कोसळताना त्याच वेटोळ्यात विभवांतर निर्माण करते. यालाच आपण स्वयंप्रवर्तन म्हणतो. १८३६ मध्ये आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू आणि प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांच्या जोडीला बारीक तारेचे पुष्कळ वेढे घेऊन त्यांनी जाड तारेतला प्रवाह भराभर तोडला. बारीक तारेच्या टोकांशी सणसणीत धक्का देणारे विभवांतर मिळाले. मोटारीतली इग्निशन कॉईल या उपकरणाचीच वंशज होय.

येथे एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. मोटारीच्या कॉईलमध्ये दुय्यम वेढे प्राथमिक वेढ्यांच्या साधारण शंभर पट असतात. मग बारा व्होल्टचे बाराशे व्होल्ट व्हायला हवेत. प्रत्यक्षात पंधरा-वीस हजार मिळतात. असे कसे? याचे कारण असे, की शंभराने गुणायचे ते बॅटरीच्या बारा व्होल्टला नव्हे. प्रवाह एकाएकी तुटतो तेव्हा प्राथमिक वेटोळ्यातच स्वयंप्रवर्तनाने दोनशे ते तीनशे व्होल्ट निर्माण होतात, त्यांना शंभराने गुणायचे. बॅटरी फक्त चुंबकीय क्षेत्र उभे करते. ठिणगी पडते ती ते क्षेत्र कोसळताना. म्हणून प्रवाह किती झटकन तुटतो यावर सारे अवलंबून असते.

फिझो यांची भर

अडचण नेमकी इथेच होती. प्रवाह तोडण्यासाठी दोन धातूचे संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर न्यायचे. ते दूर जाऊ लागले की पहिल्या क्षणी त्यांच्यातील फट अत्यंत अरुंद असते आणि कॉईलमधला प्रवाह थांबायला तयार नसतो. तो फटीतून उडी मारतो, तिथेच ठिणगी पडते. त्यामुळे दोन तोटे होतात. संपर्कबिंदू जळतात आणि प्रवाह रेंगाळत तुटल्याने दुय्यम वेटोळ्यातले विभवांतर कमी पडते. जिथे ठिणगी नको तिथे ती पडते आणि जिथे हवी तिथे पडत नाही.

पॅरिसमधले उपकरणकार हाइनरिख रुमकोर्फ १८५१ पासून उत्तम प्रवर्तन कॉईल बनवत होते. १८५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ इपोलित फिझो यांनी संपर्कबिंदूंना समांतर एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडण्याचा उपाय सुचवला. बिंदू उघडताच प्रवाहाला फटीतून उडी मारण्याऐवजी धारित्रात शिरायला वाट मिळते. तेवढ्या अवधीत बिंदू पुरेसे दूर जातात. प्रवाहाला क्षणभर दुसरी वाट दिल्यामुळेच तो लवकर थांबतो, हे वरवर उलटे वाटणारे तत्त्व आहे. रुमकोर्फ यांच्या कॉईलला १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. आजही जुन्या मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरपाशी बोटाच्या पेराएवढी पत्र्याची एक डबी दिसते. ती फिझो यांची भर होय.

कॉईल इंजिनापाशी येते

एतिएन लेन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या कोळसा-वायूवर चालणाऱ्या इंजिनात मिश्रण पेटवण्यासाठी विजेची ठिणगी वापरली, आणि त्यासाठी रुमकोर्फ कॉईल घेतली. पण विजेवर सर्वांचा विश्वास नव्हता. १८७६ च्या ऑटो यांच्या चार धावांच्या इंजिनात उघड्या ज्योतीने मिश्रण पेटवले जाई. गॉटलिब डाइमलर यांनी बाहेरून तापवून लाल केलेल्या नळीचा उपयोग केला. या पद्धतीत तारांच्या भानगडी नव्हत्या, पण मिश्रण नेमक्या कोणत्या क्षणी पेटावे हे ठरवणे अवघड होते. कार्ल बेंझ यांनी मात्र विजेचाच मार्ग धरला. २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकीच्या पेटंटसाठी त्यांनी अर्ज केला, तीत बॅटरी आणि कॉईल होती.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, अशाच गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभर किलोमीटरहून थोडा अधिक असा तो प्रवास होता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली, आणि प्रज्वलनाच्या तारेवरचे आवरण झिजले तिथे आपल्या मोज्याचा बंद गुंडाळला, असे सांगितले जाते. मोटारीच्या इतिहासातल्या पहिल्याच लांबच्या सफरीत विसंवाहक आवरण झिजण्याचा बिघाड झाला आणि तो चालकाने वाटेतच दुरुस्त केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळच्या बॅटऱ्या लवकर उतरत. म्हणून बॅटरीवाचूनच ठिणगी मिळवण्याचे प्रयत्न झाले. रोबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये एका तीनचाकी मोटारगाडीला मॅग्नेटो बसवला, तर त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जोडलेला मॅग्नेटो आणि लाकडी पेटीत चार सिलिंडरांसाठी चार वेगळ्या थरथरत्या कॉईल असत.

बॅटरीला पुन्हा प्रतिष्ठा दिली ती अमेरिकेतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. दुकानातल्या गल्लामोजणी यंत्राला विजेची मोटर बसवणारा हा अभियंता १९०९ मध्ये मोटारीच्या प्रज्वलनाकडे वळला. थरथरती कॉईल एका स्फोटासाठी ठिणग्यांचा वर्षाव करी आणि बॅटरी रिकामी होई. केटरिंग यांनी प्रत्येक स्फोटासाठी एकच, वेळेवर पडणारी ठिणगी देणारी रचना केली. कॅडिलॅक कंपनीने ती स्वीकारली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर, जनित्र, दिवे आणि प्रज्वलन हे सारे एकाच व्यवस्थेत आले. त्यांच्या कंपनीचे नाव होते डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, आद्याक्षरांनी 'डेलको'. आपल्याकडचे अनेक जुने मिस्त्री आजही डिस्ट्रिब्युटरला 'डेलको' म्हणतात. डेटनच्या प्रयोगशाळेचे नाव असे आपल्या गॅरेजांत घरचे होऊन राहिले आहे.

संपूर्ण परिपथ

पुढच्या साठेक वर्षांत या रचनेत तत्त्वतः फारसा बदल झाला नाही. परिपथाचे दोन भाग पडतात. पहिला कमी दाबाचा: बॅटरी, खटका, कॉईलचे प्राथमिक वेटोळे, संपर्कबिंदू, आणि गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून, म्हणजे 'अर्थ'मधून, परत बॅटरी. दुसरा उच्च दाबाचा: दुय्यम वेटोळे, मधली जाड तार, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली फिरणारा रोटर, चार तारा आणि चार प्लग. अँबॅसडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाडीत खटक्याकडून कॉईलला येणारी तार पांढरी आणि कॉईलकडून संपर्कबिंदूंकडे जाणारी पांढरी-काळी असते. संपर्कबिंदू बंद असताना प्राथमिक वेटोळ्यातून सुमारे चार अँपिअर प्रवाह वाहतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांच्या गाडीत सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे बिंदू सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात.

आता गाडी सुरू होत नाही असे समजू. स्टार्टर इंजिन फिरवतो आहे, पेट्रोल आहे, पण इंजिन पेट घेत नाही. घाईचा मिस्त्री एकामागून एक भाग बदलत जातो. जाणता मिस्त्री बारा व्होल्टचा एक लहान दिवा आणि तारेचे दोन तुकडे घेतो आणि परिपथाचे मधोमध दोन तुकडे पाडतो. मधली जागा म्हणजे कॉईल.

दिव्याची एक तार 'अर्थ'ला आणि दुसरी कॉईलच्या खटक्याकडील टोकाला लावायची. दिवा लागला नाही तर दोष कॉईलच्या अलीकडे आहे: बॅटरीचे टोक, खटका किंवा पांढरी तार. लागला तर पलीकडे सरकायचे. आता दिवा कॉईलच्या दुसऱ्या टोकाला लावून इंजिन फिरवायचे. बिंदू उघडे असताना दिवा लागतो, मिटले की विझतो. म्हणजे तो लुकलुकायला हवा. सतत लागलेला राहिला तर प्रवाह बिंदूंमधून 'अर्थ'ला पोहोचत नाही: बिंदूंवर काजळी किंवा तेल आहे, किंवा ते मिटतच नाहीत. चुंबकीय क्षेत्र उभेच राहत नाही, मग कोसळणार कुठून? दिवा मुळीच लागला नाही तर दोन शक्यता उरतात. कॉईलमधली तार तुटली आहे, किंवा पुढे प्रवाह भलत्याच वाटेने कायमचा 'अर्थ' होत आहे. हे वेगळे करण्यासाठी डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार कॉईलपासून सोडवायची. दिवा लागला तर कॉईल निर्दोष, आणि दोष पुढे, म्हणजे तुटलेल्या विसंवाहक वॉशरमध्ये, झिजलेल्या तारेत किंवा आतून जोडल्या गेलेल्या धारित्रात. प्रवाह आहे पण तुटत नाही, म्हणजे फॅरडे यांची सूची स्वस्थ बसली आहे.

दिवा लुकलुकत असेल तर उच्च दाबाची पाळी. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून मधली जाड तार काढून, कोरड्या विसंवाहक पकडीने धरून, तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर दूर ठेवायचे आणि इंजिन फिरवायचे. टणक आवाजाची निळसर ठिणगी पडली तर कॉईलपर्यंत सारे ठीक. ठिणगी क्षीण, पिवळट असेल आणि त्याच वेळी संपर्कबिंदूंवर लख्ख ठिणग्या उडत असतील तर धारित्राचा संबंध तुटला असल्याचा संशय घ्यावा. गाडी १८५३ च्या आधी जाऊन पोहोचली आहे!

पाच-सहा मिलिमीटर अंतर का, प्लगमधली फट तर ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते? याचे उत्तर फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दिलेल्या नियमात आहे. ठिणगीला लागणारे विभवांतर वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरते. सिलिंडरमध्ये मिश्रण सात-आठ पट दाट झालेले असते. म्हणून तिथली अर्धा-पाऊण मिलिमीटर फट बाहेरच्या हवेतल्या चार-पाच मिलिमीटरांच्या बरोबरीची. प्लग काढून बाहेर ठिणगी दिसली म्हणजे ती आतही पडते असे नव्हे.

येथवर ठिणगी चांगली असेल तर रोटर, झाकण, जाड तारा आणि प्लग तेवढे उरतात. रोटर हा तसा लहानसा तुकडा, पण १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवणे सक्तीचे झाले, तेव्हा लोक हाच काढून खिशात घालून जात. झाकणाला बारीक तडा गेला की त्यात कार्बनची रेघ तयार होते आणि वीज त्या वाटेने पळते. पावसाळ्यात झाकण आतून दमट झाले की गाडी रुसते आणि कोरड्या फडक्याने पुसले की चालू लागते. बेर्था बेंझ यांनी मोज्याचा बंद गुंडाळला त्याच जातीचा हा दोष: विजेला दिलेली वाट सोडून ती आडवाटेला लागते.

दिवा फसवतो तेव्हा

सगळे ठीक दिसते, तरी गाडी नीट चालत नाही, असा एक प्रकार आहे. समजा पांढऱ्या तारेच्या जोडावर गंज चढून तिथे तीन ओहम रोध निर्माण झाला. तपासदिवा पाच वॅटचा असेल तर त्याचा रोध सुमारे २९ ओहम. तीन ओहम मध्ये आले तरी त्याला जवळजवळ अकरा व्होल्ट मिळतात आणि तो छान लागतो. पण कॉईलचा रोधही तीनच ओहम आहे. तिचा प्रवाह चार अँपिअरवरून दोनवर येतो. चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह निम्मा झाला की ऊर्जा चौथाई. कॉईलचे प्रवर्तकत्व ८ मिलिहेन्री धरले तर प्रत्येक ठिणगीमागची ऊर्जा ०.०६४ जूलवरून ०.०१६ जूलवर घसरते.

त्यात स्टार्टर फिरताना बॅटरीचे विभवांतर खाली येते, म्हणून सुरू होण्याच्या वेळीच ठिणगी सर्वात दुबळी. अशी गाडी किल्लीने सुरू होत नाही, पण चार जणांनी ढकलली की सुरू होते, कारण ढकलताना स्टार्टरचा भार नसतो. हा दोष पकडायचा तर कॉईलमधून प्रवाह वाहत असताना जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर लावावा लागतो. चांगल्या जोडावर काटा जवळजवळ शून्य दाखवतो. ओहमचा नियम पाठ असलेले पुष्कळ असतात, पण तपासणीचे साधन स्वतः किती प्रवाह घेते हे विचारणारे थोडे. प्रयोगशाळेत जी सवय आपण विद्यार्थ्यांना लावू पाहतो, ती हीच.

दिसेनासा झालेला परिपथ

संपर्कबिंदू झिजतात आणि जळतात. म्हणून ट्रान्झिस्टर स्वस्त होताच त्यांची जागा त्याने घेतली. क्रायस्लर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सर्व मोटारींना इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन दिले. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरही गेला. आजच्या पेट्रोल गाडीत बहुधा प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल बसते आणि प्रवाह कधी तोडायचा हे संगणक ठरवतो. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून मुंबईत अनेक दशके धावल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. ठिणगी अधिक भरवशाची झाली, हे चांगलेच झाले. पण फॅरडे, हेन्री आणि फिझो ज्यात बोट ठेवून दाखवता येत होते, असा एक परिपथ मात्र झाकणाआड गेला.

शाळेत तो पुन्हा उघडा करता येतो. मोटारीची कॉईल वर्गात वापरू नये. तिचा धक्का जोराचा असतो आणि पेट्रोलच्या वाफेजवळ तर अशी ठिणगी धोक्याचीच. त्याऐवजी भंगारातला जुन्या ट्यूबलाइटचा तांब्याच्या वेटोळ्याचा चोक घ्यावा. त्याच्या दोन टोकांना एक लहान निऑन दिवा जोडावा आणि नऊ व्होल्टचा विद्युतघट खटक्यातून त्याच टोकांना द्यावा. उघड्या तारांना हात न लावता आधी खटका दाबावा. निऑन लागत नाही, कारण त्याला साठाहून अधिक व्होल्ट लागतात. मग खटका सोडावा. त्या क्षणी निऑन चमकून विझतो.

नऊ व्होल्टच्या घटाने साठाहून अधिक व्होल्टचा दिवा कसा लावला, आणि तो जोडताना न लागता तोडताना का लागला, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. रोहित्राबद्दलचे फळ्यावरचे वाक्य त्यानंतर त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावे.